दुसरी उडी

लॉस एंजेलिस
१९ मार्च १९२३

प्रिय लिओटा,

तार मिळाली असेलच. तारेत मावतं तेवढंच लिहिलं होतं, बाकीचं इथे लिहितो.

ऑरिन गेला तो शनिवारी. शूटिंगच्या जागेकडे निघाला होता. सॅन फर्नांडोच्या पुढे एक वळण आहे, तिथे मोटार घसरून उलटली. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंसुद्धा नसेल. तुझा नवरा त्रास न होता गेला, एवढं मनाशी धर.

पेटी आज दुपारच्या गाडीने निघते आहे. सोबत कंपनीचे मिस्टर पेल आहेत, भला माणूस आहे, सगळं नीट करेल. पेटीला खिळे मारलेले आहेत. ती उघडू नकोस, लिओटा. एवढं माझं ऐक. त्याला तू शेवटचं पाहिलंस तसाच तो राहू दे.

मला येता येत नाही. सिनेमा अर्ध्यावर आहे, मी नसलो तर चाळीस माणसं बसून राहतील. तू म्हणशील, बहिणीच्या नवऱ्याच्या मातीला यायला याला चार दिवस नाहीत. तुझं बरोबर आहे. पण करार असा आहे की माझा इलाज चालत नाही. विनी तीन वर्षांची आहे, तिला अजून काही कळणार नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तू बारा. तू मला वाढवलंस. त्याची परतफेड अशी व्हावी असं माझ्या मनात कधी नव्हतं.

तुझा,
एमेट

लॉस एंजेलिस
२ नोव्हेंबर १९२३

प्रिय लिओटा,

चार पत्रं झाली, तुझं उत्तर नाही. विनीला बाहुली पाठवली होती, ती न उघडताच परत आली. पाकिटावरचं अक्षर तुझंच होतं. तुझं अक्षर पाहायला मिळालं, म्हणून ते पाकीट मी ठेवून दिलं आहे.

मी आलो नाही याचा राग आहे, ते मला समजतं. ऑरिनला इकडे मी बोलावलं याचा राग त्याहून मोठा आहे, तेही समजतं. गव्हाचा भाव पडला त्या वर्षी तो आला. 'वसंतापर्यंत' म्हणून आला आणि राहिला. विनी तेव्हा आठ महिन्यांची होती. तू स्टेशनवर मला म्हणाली होतीस, "तुला तिकडे माणूस हवा आहे, मला इकडे नवरा हवा आहे." मी ते हसण्यावारी नेलं.

हे पत्र एका कामासाठी लिहितो आहे. आमचा सिनेमा लागला आहे. न्यूयॉर्कमध्ये थिएटरबाहेर रांगा रस्त्याचा कोपरा वळून जातात म्हणे. पेपरवाले मला 'ज्याला भीती ठाऊक नाही असा माणूस' म्हणतात. मी शिडीच्या चौथ्या पायरीवर रडायचो हे तू कुणाला सांगितलं नाहीस, याबद्दल आभार मानायला हवेत. परवा एका मासिकाच्या बाईंनी विचारलं, "इतक्या उंचावर उभं राहिलं की काय वाटतं?" मी म्हणालो, "वर वारा असतो, खाली माणसं असतात. मला वारा बरा वाटतो." त्यांनी ते तसंच्या तसं छापलं. हे शब्द कुणाचे, ते तुला सांगायला नको. पवनचक्क्या दुरुस्त करत हिंडायचा तेव्हापासून ऑरिन हेच म्हणायचा.

माझी विनंती अशी की सिनेमा तुमच्या हॅडलीला लागला तर जाऊ नकोस. त्यात ऑरिन आहे. पाठमोराच आहे, लांबून आहे, पण तू ओळखशील आणि उगाच त्रास करून घेशील. विनीलाही नेऊ नकोस. शेजारणी आग्रह करतील, तुझ्या भावाचा सिनेमा म्हणून ओढून नेतील. डोकं दुखतं म्हण.

लग्नानंतर कोरिनने आणि मी नवं घर घेतलं, टेकडीवर, लाल कौलांचं. कोरिन पडदे निवडते आहे. तुझी आणि तिची भेट झाली असती तर तुला ती आवडली असती असं मी आधी लिहिलं होतं. खरं सांगायचं तर आवडली नसती.

तुझा,
एमेट

लॉस एंजेलिस
८ फेब्रुवारी १९२४

लिओटा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

'सिनेमा पाहिला. मालगाडीच्या डब्यावर उडी मारून जो उठतो आणि वळतो, तो माझा नवरा आहे. पेटी मी उघडली होती. मोटार उलटून माणूस असा होत नाही.'

ठीक आहे. खोटं बोललो. तो मोटारीत गेला नाही, कामावर गेला. मोहावेच्या वाळवंटाच्या कडेला रुळांजवळ पाण्याची टाकी आहे, इंजिनात पाणी भरतात ती. तिच्यावरून धावत्या मालगाडीवर उडी होती. माझ्या जागी उंचावरची कामं तो करायचा हे तुला माहीतच होतं. बाहेर मात्र कुणाला कळू द्यायचं नाही असा कंपनीचा दंडक होता, म्हणून सगळ्यांना मोटारीची गोष्ट सांगायला लावलं. वकील आला होता. त्याने एक कागद वाचून दाखवला आणि आम्ही सह्या केल्या. मीही केली.

पहिली उडी अगदी छान झाली. तू पडद्यावर पाहिलीस ती तीच. पण ऑरिनचं समाधान होईना. तुला त्याचा स्वभाव माहीत आहे. आणखी चांगली करतो म्हणाला आणि पुन्हा वर चढला. त्या वेळी पाय घसरला. आम्ही कुणीच काही करू शकलो नाही.

आता तुझ्यापासून काही लपवलेलं नाही.

एमेट

लॉस एंजेलिस
१४ ऑक्टोबर १९३०

प्रिय लिओटा,

साडेसहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसायचो आणि मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य आठवायचं. ते वाक्य खोटं होतं. ते खोडल्याशिवाय पुढचं लिहिता येईना आणि खोडायचं धाडस होईना.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तू पेपरात काही वाचलं नसशील. पेपरात यावं असं काही राहिलेलं नाही.

ऑरिननंतर कंपनीने दुसरा माणूस आणला, सिस्ट्रंक नावाचा, सर्कशीतला. त्याची पहिलीच उडी होती एका गोदामाच्या छपरावरून. तो वर चढला, मी खाली खुर्चीत बसलो होतो. तो कडेला आला तसा मी उठून ओरडायला लागलो. काय ओरडलो मला आठवत नाही. लोक सांगतात की 'उतर, उतर' म्हणत मी कॅमेऱ्याच्या पुढे जाऊन उभा राहिलो. सिस्ट्रंक बिचारा घाबरून खरंच उतरला.

आमचा दिग्दर्शक ट्रस्कॉट मला बाजूला घेऊन म्हणाला, "एवढा हळवा तू कधीपासून झालास?"

मी म्हणालो, "मला उड्यांचे सिनेमे करायचे नाहीत."

"मग काय करणार? लोक तुझं तोंड बघायला येतात असं वाटतं तुला?"

तो दुष्ट माणूस नाही. त्याने मला तीन कौटुंबिक सिनेमे दिले. एकात मी डॉक्टर होतो, एकात विधुर, तिसऱ्यात बापाचा लाडका वाया गेलेला मुलगा. सॅन डिएगोला मी प्रेक्षकांत जाऊन बसलो होतो. मी पडद्यावर आजारी बायकोच्या उशाशी बसलो आहे आणि मागून कुणी तरी म्हणालं, "आता खिडकीतून उडी मारेल बघ." सगळं थिएटर हसलं. शेवटपर्यंत मी उडी मारली नाही आणि लोक चिडून बाहेर पडले.

मग कंपनीने करार वाढवला नाही. मग कोरिन मला सोडून गेली. भांडण न करता गेली. तिने माझे शर्ट इस्त्री करून कपाटात लावून ठेवले आणि मग गेली. मग बोलपट आले. इथे सगळे म्हणतात, आवाजामुळे अमक्याचं गेलं, तमक्याचं गेलं. माझा आवाज चांगला आहे, चाचणी घेणाऱ्यानेच तसं सांगितलं. "आवाजात काही खोट नाही हो," म्हणाला, "पण आता तुमच्यासाठी काही लिहिलेलंच नाही." माझं आवाजामुळे गेलं असतं तर लोकांना सांगायला बरं होतं.

आता मी बंकर हिलवर एका विधवेच्या घरात भाड्याने राहतो. मिसेस आयव्हर्सन. मी कोण होतो हे तिला माहीत नाही. सकाळी स्टुडिओच्या फाटकापाशी उभा राहतो, सिनेमातल्या गर्दीसाठी माणसं निवडतात तेव्हा आठवड्यातून दोनदा नंबर लागतो. मागच्या महिन्यात मी मेजवानीतला पाहुणा होतो. ताटातलं मटण मेणाचं होतं.

हे सगळं लिहिलं ते तुझ्या मनात दया यावी म्हणून, असं तुला वाटेल. थोडं तसंही असेल. पण मुख्य म्हणजे जे लिहायचं आहे ते टाळायला लिहिलं. आता लिहितो.

त्या दिवशी तुझ्या नवऱ्याला दुसऱ्यांदा मी वर पाठवलं.

पहिली उडी उत्तम झाली हे खरं. टाकीच्या कडेवरून तो धावला, गाडी खाली आली, त्याने झेप घेतली, डब्याच्या छपरावर पडून लोळण घेतली आणि उठला. पण उठताना तो वळला. कॅमेऱ्याकडे वळला. ट्रस्कॉटने टोपी उडवली, "झालं," म्हणाला, "आवरा." कॅमेऱ्यावर लोवेल म्हणून होता. तो म्हणाला, "चेहरा आलाय. पण क्षणभरच. कुणाला कळणार नाही."

मी म्हणालो, "मला कळतं."

ट्रस्कॉट म्हणाला, "एमेट, गाडी मागे न्यायला अर्धा तास. ऊन जाईल."

"चेहरा त्याचा दिसतो," मी म्हणालो. "सिनेमा माझा आहे."

त्याच महिन्यात एका मासिकाने छापलं होतं की एमेट सेलर सगळ्या उड्या स्वतः मारतो आणि कुणी खोटं ठरवून दाखवावं. मला दुसरं काही सुचत नव्हतं. सगळ्या देशाने तो चेहरा पाहिला आणि मला हसलं, असं चित्र डोळ्यांपुढे होतं.

ऑरिन गाडीतून उतरून चालत आला. धुळीने माखला होता. पाण्याचा तांब्या तोंडाला लावून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "माझं थोबाड एवढं वाईट आहे का रे?"

"टोपी खाली ओढ," मी म्हणालो. "भुवयांपर्यंत."

"मग गाडी कशी दिसायची मला?"

"आवाज येईल की. पवनचक्कीवर डोळे मिटून चढतो म्हणून सांगायचास ना तू?"

"ते लिओटावर छाप पाडायला सांगायचो," तो म्हणाला. "तिलाही खरं वाटलं नव्हतं."

एवढं बोलून त्याने टोपी ओढली. मी पुढे होऊन ती आणखी खाली ओढली. माझ्या हाताने. ट्रस्कॉटने गाडी मागे न्यायला सांगितली, कारण तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं. ऑरिन नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं? त्याला घरी पाठवलं असतं, रागाच्या भरात. तेवढं झालं असतं तर आज तो हॅडलीत असता. पण तो मला नाही म्हणत नसे. तुझा धाकटा भाऊ म्हणून तो माझं सगळं सोसायचा. मी मात्र त्याला कामाचा माणूस समजायचो.

ऊन जाईल म्हणून इंजिनवाल्याला गाडी जोरात आणायला सांगितली होती. ऑरिनने आवाजावरून अंदाज घेतला. आधीच्या वेगाचा अंदाज. तो दोन डब्यांच्या मधे गेला.

पाय घसरला नव्हता. त्याची काही चूक नव्हती.

पुढचं ऐक. सोमवारी दुपारी पेटी गाडीत चढवत होते तेव्हा मी स्टुडिओत होतो. चार फूट उंचीच्या फळीवर मला उभं केलं होतं, मागे रंगवलेलं आभाळ होतं आणि मी नुकताच उडी मारून उतरल्यासारख्या धापा टाकत होतो. पाच वेळा टाकल्या. करारामुळे येता आलं नाही असं तुला लिहिलं होतं. ट्रस्कॉटने स्वतःहून सांगितलं होतं, "जा, आठवडाभर जाऊन ये." मी नको म्हणालो. मला तुझ्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

आणि शेवटी त्यांनी पहिलीच उडी ठेवली. दुसरीला उतरणं नव्हतंच. तो चेहरा देशभर दाखवला गेला. लाखो लोकांनी पाहिला, लिओटा, आणि एकालाही कळलं नाही. लोवेलचं बरोबर होतं. एकटी तू ओळखलंस.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त ते वाक्य खोडायचं होतं.

एमेट

लॉस एंजेलिस
२ जुलै १९३१

प्रिय लिओटा,

तुझं पत्र मिसेस आयव्हर्सनने दारात दिलं तेव्हा मी तिथेच पायरीवर बसलो. ती म्हणाली, "वाईट बातमी आहे का?" मी म्हणालो, "बहिणीचं पत्र आहे." ती म्हणाली, "तुम्हाला बहीण आहे हे कधी बोलला नाहीत."

तू लिहितेस की मी माफ केलं असं समजू नकोस. समजत नाही. तू लिहितेस की विनी अकरा वर्षांची झाली, तिला बाप आठवत नाही, आणि लग्नाच्या फोटोत ऑरिन हलला म्हणून त्याचा चेहरा धुरकट आला आहे. हो, तो स्वस्थ उभा राहणाऱ्यातला नव्हता. तिने तुला विचारलं, बाबा कसे दिसायचे, आणि तू सांगायला लागलीस तेव्हा तुझ्या लक्षात आलं की तुला शब्दांत सांगता येत नाही. हे वाचून मी पत्र मिटलं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा उघडलं.

आणि तू तो सिनेमा चार वेळा पाहिलास. हे मला ठाऊक नव्हतं. एकदा पाहिलास आणि माझा द्वेष केलास, एवढंच मी धरून चाललो होतो. तो हॅडलीत चार दिवस होता आणि तू चारही दिवस गेलीस. रोज त्या जागेपर्यंत बसायचीस, मग उठून घरी यायचीस.

तो तुकडा मी मिळवतो. सबंध सिनेमा नको, तेवढा तुकडा, असं तू लिहिलंस. गावच्या सभागृहातले मिस्टर गँट सिनेमाच्या यंत्रावर लावून दाखवतील, हे छानच. हातभर फिल्म पुरेल. कंपनी मोठ्या कंपनीने गिळली आहे, पण सामान कुठे तरी असणारच. काही नाही तरी एका प्रतीची रिळं कुठल्या तरी कोठीत पडली असतील. मी उद्यापासूनच जातो. मूकपटांना आता कुणी विचारत नाही, त्यामुळे द्यायला कुणाची हरकत नसावी.

विनीला सांग की एमेटमामा पाठवतो आहे. किंवा नको, माझं नाव सांगू नकोस. नुसतं सांग की येणार आहे.

तुला सांगू का, कित्येक वर्षांत मी सकाळी उठून फाटकाकडे न जाता दुसरीकडे कुठे निघालो नव्हतो.

तुझा,
एमेट

लॉस एंजेलिस
२१ सप्टेंबर १९३१

प्रिय लिओटा,

तू वाट पाहत असशील. विनीही पाहत असेल. अकरा आठवडे मी लिहिलं नाही, कारण दर आठवड्याला आणखी एक जागा उरलेली असायची. आता उरलेली नाही.

सिनेमा नाही, लिओटा. कुठेच नाही.

स्टुडिओच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला गर्दीवाल्यांच्या रांगेकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, आत काम आहे. तो म्हणाला, "सगळ्यांचंच असतं." तीन दिवसांनी आत सोडलं. कोठीवर मिस डफी म्हणून बाई आहेत, पेन्सिल केसांत खोचलेली. त्यांनी वही काढली, बोट फिरवत खाली आल्या आणि म्हणाल्या, "वितळवला. मागच्या नोव्हेंबरात."

मी विचारलं, "वितळवला म्हणजे?"

"फिल्मवर चांदी असते ना. ती काढून घेतात. मूकपट ठेवून करायचं काय? जागा अडते आणि आगीची भीती."

"सगळ्या प्रती?"

"मूळ फिल्म आणि प्रती, सगळ्या. चारशेच्या वर सिनेमे गेले." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचं कोणी होतं का त्यात?"

मी हो म्हणालो.

नोव्हेंबर, लिओटा. माझं पत्र तुला ऑक्टोबरात मिळालं होतं. तेव्हा रिळं कोठीत होती. मी एक वर्ष आधी खरं बोललो असतो, सहा महिने आधी बोललो असतो तरी तू कदाचित लगेच मागितली असतीस आणि मी जाऊन उचलून आणली असती. माझ्या मनातून हे जात नाही. मी एकदा घाई केली तेव्हा माणूस गेला. नंतर वेळ लावला, त्यात त्याचा चेहराही गेला.

तरी मी थांबलो नाही. गावोगावच्या थिएटरांना फिल्म पुरवणाऱ्यांना पत्रं लिहिली, बावीस पत्रं. ओहायोचा एक म्हणाला, होती, पण डब्यात चिकटून लगदा झाली म्हणून टाकून दिली. बाकीच्यांनी नाही म्हणून कळवलं किंवा कळवलंच नाही. ट्रस्कॉट पॅसाडीनाला राहतो. अर्धांगवायू झाला आहे. त्याची बायको म्हणाली, त्याच्यापाशी एकही रीळ नाही. तो मला ओळखत होता. माझा हात धरून त्याने काही तरी म्हणायचा फार प्रयत्न केला, पण शब्द फुटला नाही. लोवेल दोन वर्षांपूर्वी वारला.

व्हर्ननला फिल्मवरची चांदी काढायचा कारखाना आहे, तिथेही गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. वाटलं, एखादं रीळ राहिलं असेल, कुणी खेळायला म्हणून घरी नेलं असेल. रबरी बूट घातलेला एक म्हातारा मोठ्या हौदात बांबूने ढवळत होता. त्याने सगळं समजावून दिलं. गरम पाण्यात फिल्म टाकायची, वरचा थर सुटतो, पाणी काळं होतं, खाली चांदीचा साका बसतो. उरते ती पारदर्शक पट्टी, काचेसारखी. कोपऱ्यात तिचा ढीग होता. मी एक पट्टी उजेडात धरून पाहिली. कडेची भोकं होती आणि मधे काही नव्हतं.

म्हातारा म्हणाला, "तुम्ही काय, नट होता का?"

मी सिनेमाचं नाव सांगितलं.

"अरे, तो मी पाहिला होता. टाकीवरून उडी. म्हणजे उडी मारणारे ते तुम्ही."

"नाही," मी म्हणालो. "उडी मी नाही मारली. ऑरिन मॅडॉक्स म्हणून होता, त्याने मारली. कॅन्ससचा. माझ्या बहिणीचा नवरा."

आठ वर्षांत हे नाव मी कुणापुढे मोठ्याने घेतलं नव्हतं. म्हाताऱ्याने ढवळायचं थांबवलं. "मग तुम्ही काय केलंत त्यात?" त्याने विचारलं. चेष्टेने नाही, खरंच कळेना म्हणून. मी हातातली पट्टी ढिगावर ठेवली. मग परत आलो.

मग मी ठरवलं की निदान लिहून तरी पाठवावं. मी नट आहे, माणसांचे चेहरे पाहण्यात जन्म गेला. त्या क्षणी ऑरिन कसा दिसत होता ते विनीसाठी बारकाईने लिहावं, तिने वाचावं आणि तिच्या डोळ्यांपुढे बाप उभा राहावा. मिसेस आयव्हर्सनकडून चांगला कागद मागून घेतला. गेले पाच दिवस बसतो आहे.

मला जमत नाही. आणि का जमत नाही ते काल कळलं. त्या दिवशी तो डब्यावर उठून वळला तेव्हा मी टक लावून पाहत होतो. पण मी पाहत होतो ते चेहरा दिसतो का, एवढंच. तो कसा आहे, ते पाहिलंच नाही. धूळ, टोपी, बगलेत फाटलेला शर्ट, हे सगळं मला आठवतं. चेहऱ्याच्या जागी आठवतो तो माझा राग. पुढे सिनेमा लागला तेव्हा मी कधीच शेवटपर्यंत आत बसलो नाही, त्या जागेआधी उठून बाहेर जायचो. म्हणजे तो चेहरा मी धड एकदाही पाहिला नाही.

लोवेल त्या वेळी म्हणाला होता, "हसतोय बघ गडी." मला खरंच माहीत नाही.

तू तो चार वेळा पाहिला आहेस. आता या जगात तो पाहिलेली आणि पाहताना त्याला ओळखलेली तू एकटी आहेस. शब्दांत सांगता येत नाही असं तू लिहिलंस, पण लिओटा, तुलाच सांगावं लागेल. विनीला जवळ घेऊन बस आणि सांग. चुकत सांग, अर्धवट सांग, कसंही सांग. मी सांगितलं तर ते मी रचलेलं असेल.

मला कळवलं नाहीस तरी चालेल. पण तो हसत होता का, एवढं तिला नक्की सांग.

एमेट